भिंतीकडे तोंड केलेला पंखा

सुरुवातीलाच माफी मागते. माणसांबद्दल लिहिणं हे जाणत्या लोकांचं काम आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून सुधारून घ्यावं अशी घरी सोय नाही. शाळा इथे जयपुरात, हिंदीत झाली. मराठी मी आईकडून शिकले आणि आईची मराठी वऱ्हाडातली. ती बोलायची आहे, छापायची नाही, असं तिचंच म्हणणं. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी ‘जयपुरातल्या एखाद्या मराठी माणसाबद्दल लिही’ असं चिटणीसकाकूंनी सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हटलं होतं. मग घरी येऊन जिना चढताना खालच्या खोलीतून पंख्याचा आवाज आला आणि वाटलं, प्रयत्न तर करून बघू. चुकलं तर समजून घ्यावं.

तो पंखा म्हणजे एक जुना टेबलफॅन आहे आणि तो जानेवारीतही चालू असतो. ज्यांनी जयपूरचा जानेवारी पाहिलेला नाही त्यांना सांगते, सकाळी नळाला हात लावायची हिंमत होत नाही. अशा थंडीत आमचे घरमालक वामन केळुसकरकाका डोक्याला मफलर, पायात लोकरीचे मोजे आणि अंगावर दोन रजया घेऊन झोपतात, आणि उशाशी पंखा चालू. फक्त त्याचं तोंड भिंतीकडे असतं. हवा भिंतीला, आवाज काकांना.

आम्ही खातीपुऱ्यातल्या या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा आईने पहिल्याच दिवशी तो पंखा पाहिला. बाबा रेल्वेत आहेत, रुळांच्या कामावर. त्यांची अकोल्याकडून इथे बदली झाली होती आणि आईला नव्या घरमालकांशी चांगलं वागायचं होतं. ती म्हणाली, “भाऊ, तुमच्या पंख्याची मान मोडली काय? भिंतीकडे फिरला ना तो.”

“फिरला नाही वैनी,” काका म्हणाले, “फिरवलाय.”

आई वर येऊन बाबांना म्हणाली, “मानूस चांगला हाय, पन जरा सांभाळून रहा.”

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. सगळी नोकरी समुद्रावर, इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून. पण ज्या जहाजावर ते होते ते कुठे जायचं नाही. मला आधी हे समजलंच नव्हतं. जहाज आणि जात नाही, मतलब काय? काकांनी समजावलं, की समुद्राच्या तळातून तेल वर येतं, ते घेण्यासाठी, साफ करण्यासाठी आणि साठवण्यासाठी एक अख्खा कारखाना पाण्यावर तरंगत ठेवलेला असतो. त्याची वीज त्यालाच तयार करावी लागते. वायर ओढायला शेजारी कुणी नसतं. “प्रज्ञा, इथे लाइट गेली तर तू काय करतेस?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, गच्चीवर जाऊन बसते. “तिथे गच्ची म्हणजे पाणी,” काका म्हणाले.

काकू विमा कंपनीत अधिकारी होत्या. त्यांची इथे बदली झाली, त्यांना शहर आवडलं आणि त्यांनी हे घर बांधलं. काका सुट्टीला यायचे आणि जायचे. ते निवृत्त होऊन कायमचे आले आणि काकू त्यानंतर फार दिवस जगल्या नाहीत. हे सगळं आम्ही येण्याआधीचं. आम्ही आलो तेव्हा घरात एकटे काका होते आणि त्यांनी त्या घराचं जहाज केलेलं होतं.

घराच्या दोन बाजू आहेत, डावी आणि उजवी. दोन्हींना वेगळे इन्व्हर्टर. ते वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या दुकानांतून आणि मुद्दाम वेगळ्या वर्षी घेतलेले. “एका दिवशी जन्मलेल्या बॅटऱ्या एकाच दिवशी मरतात गो,” असं काकांचं म्हणणं. गच्चीवर एक छोटा जनरेटर आहे, तो या दोघांशीही बोलत नाही. काकांचं आवडतं वाक्य एकच: “दोन पाहिजेत, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नको.” हे ते विजेबद्दल म्हणतात, चष्म्याबद्दल म्हणतात आणि डॉक्टरांबद्दलही म्हणतात. त्यांचे डॉक्टर दोन आहेत. एकाला दुसऱ्याचं नाव माहीत नाही आणि दोघांनीही त्यांना मीठ कमी करायला सांगितलंय.

समोरचे शर्माजी रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून विचारतात, “केळुसकरजी, आज जहाज कहाँ तक पहुँचा?” काका गंभीरपणे सांगतात, “शर्माजी, ये खड़ा रहनेवाला जहाज है. पहुँचना नहीं है, डूबना नहीं है.” पण मे महिन्यात धुळीची आंधी आली की सगळी गल्ली अंधारात जाते आणि शर्माजी आपला मोबाइल आणि चार्जर घेऊन सगळ्यात आधी आमच्या दारात असतात.

दुधाचीही तीच गोष्ट. काकांनी दोन दूधवाले लावले होते. एक कानोत्याचा, दुसरा चाकसूचा. दोघे दोन दिशांनी यायचे. काकांना त्या व्यवस्थेचा फार अभिमान होता, ते पाहुण्यांना सांगायचे. एका सकाळी दाट धुकं पडलं आणि दोघेही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळलं, की दोघेही पहाटे एकाच चौकात उभ्या असलेल्या एकाच गाडीच्या टाकीतून दूध भरतात. कानोत्याचा फक्त कानोत्यात राहतो आणि चाकसूचा फक्त चाकसूत. काका रागावले नाहीत. ओट्यावर बसून राहिले. “दोन दूधवाले, एक टाकी,” ते म्हणाले. “आणि मी सगळा जन्म हेच शोधण्यात घालवला.” पुढे बरेच दिवस ते कोरा चहा पीत होते, जणू काही प्रायश्चित्त.

त्यांचं दुसरं तत्त्व असं, की चाचणी न केलेला स्टँडबाय, म्हणजे राखीव ठेवलेलं यंत्र, ही शोभेची वस्तू. म्हणून महिन्यातून एकदा, न सांगता, ते घराचा मेन खटका पाडतात. मंडळाच्या गणेशोत्सवात विजेची जबाबदारी त्यांच्याकडे असते. मागच्या खेपेला त्यांनी अध्यक्षांचं भाषण ऐन भरात असताना खटका पाडला. माइक बंद, दिवे बंद, अध्यक्षांचा हात वर. सगळे स्तब्ध. मग जनरेटर घरघरला, दिवे आले, आणि मांडवामागून काकांचा आवाज आला, “उशिरा आला, पण आला!” अध्यक्षांना आपण कुठे होतो ते आठवेना, म्हणून त्यांनी सगळ्यांना शुभेच्छा देऊन भाषण संपवलं. त्या भाषणाला पडल्या तेवढ्या टाळ्या मी तिथे कधी ऐकल्या नाहीत.

घरातल्या प्रत्येक बटणावर काकांनी रंगीत पट्टी चिकटवली आहे. पिवळी म्हणजे संकट आलं की आधी बंद करायचं. लाल म्हणजे कधीच बंद करायचं नाही. टीव्ही पिवळा, गीझर पिवळा, जिन्यातला दिवा लाल. हे पट्ट्यांचं राज्य वरच्या मजल्यावरही आहे आणि आईचं आणि काकांचं भांडण तिथेच आहे. एकदा चाचणीच्या वेळी तिची शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये अर्धी राहिली. ती भांडं हातात घेऊनच खाली उतरली.

“माह्या मिक्सरले पिवळी पट्टी, अन् भिंतीले हवा देनाऱ्या पंख्याले लाल? हा कोनता न्याय हाय भाऊ?”

“वैनी, चटणी थांबू शकते.”

“अन् भिंत नाई थांबू शकत?”

काका पट्ट्यांची गुंडाळी खिशात घालून आत गेले. पण माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पाहिलं, माझ्या टेबलावरच्या दिव्याच्या बटणावरची पिवळी पट्टी निघाली होती आणि तिथे लाल होती. कधी बदलली ते कुणाला कळलं नाही. मी अजून ती नखाने घासून बघते.

पंख्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरंगत्या कारखान्यावर सतत घरघर असते, झोपेत, जेवताना, आंघोळीला. माणूस ती विसरून जातो. एकदा त्यांच्याकडे सगळं बंद पडलं होतं. मोठी यंत्रं बंद, संकटात चालायचा जनरेटर, तोही बंद. त्याला ते ‘डेड शिप’ म्हणतात. “आधी आवाज जातो गो,” ते म्हणाले. “दिवसा दिवा गेलेला कळत पण नाही. पण आवाज गेला की माणूस जेवत्या ताटावरून उठतो.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? परत सुरू केलं.” आणि ते पेपर वाचायला लागले.

काकांना एकच मुलगी, मुक्ताताई. ती पण इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे आणि ती पण अशाच एका तरंगत्या कारखान्यावर, आफ्रिकेच्या बाजूच्या समुद्रात. दर रविवारी तिचा फोन येतो. काका फोन स्पीकरवर ठेवून, पंख्याशेजारी बसून बोलतात, त्यामुळे जिन्यातून जाताना ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं.

“इन्सुलेशन?”

“ठीक आहे.”

“दोन नंबरच्या जनरेटरचा आवाज?”

“बेअरिंग बदललं बाबा.”

“दोन्ही बाजू?”

“चालू. मधला खटका उघडा आहे.”

“बरं. ठेवतो.”

मधला खटका म्हणजे दोन बाजूंना जोडणारा. तो उघडा असला की एका बाजूचा बिघाड दुसरीकडे जात नाही, एवढं आता मलाही माहीत झालंय. आई मात्र दर रविवारी म्हणते, “पोरगी हाय का मीटर हाय?”

मलाही तसंच वाटायचं. मग मुक्ताताई सुट्टीवर आली तेव्हा गच्चीत कपडे वाळत घालताना मी भीत भीत विचारलं, की तुम्ही दुसरं काही बोलत नाही का? ती हसली. म्हणाली, “लहानपणी शाळेतून आले की मी दाराबाहेर उभी राहून कान द्यायची. आत पंख्याचा आवाज असला की बाबा घरी आहेत. नसला की ते गेले. आई मला कधी तारीख सांगायची नाही, पंखाच सांगायचा.” मग कपड्याला चिमटा लावत म्हणाली, “आता रविवारी मागे तो पंखा ऐकू येत असतो. इन्सुलेशनचं मी आपलं सांगत राहते.”

ती परत निघाली तेव्हा कंपनीच्या कागदावर घरच्यांचे नंबर द्यायचे होते. पहिले दोन काकांचेच, दोन फोन, दोन कंपन्यांचे. तिसऱ्यासाठी काका वर आले आणि आईला म्हणाले, “वैनी, तुमचा नंबर देऊ का? आमच्याशी काही संबंध नसलेला एक नंबर हवाय.”

आईने नंबर दिला. पण काका खाली गेल्यावर ती बराच वेळ भाकरी थापट-थापट थापत होती. “संबंध नाई म्हने. रोज माही चटनी खाते मानूस.”

गेल्या फेब्रुवारीत एके सकाळी मी कॉलेजला निघाले, तर काका अंगणात दोन्ही हातांत दोन फोन घेऊन उभे होते. मुक्ताताईच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसातून फोन आला होता. जहाजावर विजेचा पूर्ण सप्लाय गेलाय, सगळे सुखरूप आहेत, पुढचं कळवू.

“सुखरूप म्हणजे काय?” काका फोनवर विचारत होते. “इमर्जन्सी जनरेटर लागला का ते सांगा. नसेल लागला तर बाटल्यांत हवा किती आहे? अहो, यंत्र सुरू करायला दाबून भरलेली हवा.”

पलीकडची मुलगी म्हणाली, “सर?”

“हवा, हवा,” काका म्हणाले. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, “नाही, तुझी चूक नाही गो. तुला विचारण्यात अर्थ नाही. जो जाणतो त्याला दे.”

तिने त्यांना थांबायला सांगितलं आणि फोनवर गाणं वाजायला लागलं. काकांनी दुसऱ्या फोनवरून दुसऱ्या कुणाला लावला. तिथेही गाणं.

मी म्हटलं, “काका, मुक्ताताईलाच लावून बघू का?”

“लागणार नाही. घरी फोन म्हणजे पिवळी पट्टी.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “बॅटरीवर चालत असणार. रेडिओ ठेवायचा, आगीची सूचना ठेवायची. माणसांचं इंटरनेट, घरचे फोन सगळ्यात आधी बंद. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं. बरोबरच आहे.” मग पुन्हा म्हणाले, “बरोबरच आहे.”

मला काहीतरी विचित्र वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. घरात आवाज नव्हता. जिन्यातला दिवा लागलेला होता, लाइट होती, पण पंखा बंद होता. आम्ही राहायला आल्यापासून तो बंद मी पाहिलाच नव्हता.

“काका, पंखा...”

“असू दे,” काका म्हणाले. “तिच्याकडेही बंदच आहे.”

मी कॉलेजला गेले नाही. आईने भाकरी आणि मेथीची भाजी खाली पाठवली, ती तशीच वर आली. मग आई स्वतः खाली गेली, मेथीची उरलेली जुडी घेऊन पायरीवर बसली आणि निवडत राहिली. एक शब्द बोलली नाही. आईला ओळखणाऱ्यांना याचा अर्थ कळेल. संध्याकाळी शर्माजी फाटकाशी आले. नेहमीसारखं तोंड उघडलं, काकांकडे बघितलं आणि जहाजाचं नाव न घेता आत येऊन खुर्चीवर बसले. बाबा ड्यूटीवरून आले, तेही कपडे न बदलता तिथेच टेकले. ऑफिसातून तेच उत्तर येत होतं, सगळे सुखरूप, पुढचं कळवू. त्या रात्री पंख्याशिवाय आम्हालाही वर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेच. एका कानाला एक फोन, दुसऱ्या कानाला दुसरा, दोन्हीकडून गाणं. मी आईला हात द्यायला वर आले होते. आई पीठ मळत होती. तिचा फोन ओट्यावर वाजला. त्याची काच तडकलेली आहे आणि आवाज फक्त स्पीकरवर येतो. आईने वाकून बघितलं.

“लंबा नंबर हाय. फ्रॉडवाले असतीन,” ती म्हणाली आणि पिठाच्या बोटाने कापून टाकला.

फोन परत वाजला. या वेळी मी उचलला.

खूप लांबून, पाण्यातून आल्यासारखा आवाज आला. “काकू? प्रज्ञा? मी मुक्ता. बाबांचे दोन्ही फोन कधीचे एंगेज आहेत गं. मला दोनच मिनिटं दिलीत.”

दोन फोन, दोन कंपन्या, आणि दोन्ही एकाच माणसाच्या कानाला. दूधवाल्यांची टाकीच झाली होती ती.

आईने माझ्या हातातून फोन ओढला. तशाच पिठाच्या हाताने ती जिना उतरली, एवढ्या वेगाने मी तिला कधी पाहिलेलं नाही. अंगणात जाऊन तिने काकांच्या एका कानावरचा फोन सरळ बाजूला केला आणि आपला पुढे धरला.

“घ्या भाऊ,” ती धापा टाकत म्हणाली. “तुमच्याशी काई संबंध नसलेला फोन.”

काकांनी तो दोन्ही हातांनी धरला. त्यांचे दोन्ही फोन खाली फरशीवर पडले आणि गाणं वाजत राहिलं.

“बाबा? बाबा, ऐकू येतंय? दोन्ही बाजू आल्या. सकाळी एक आली, आत्ता दुसरी. सगळे ठीक आहेत, मी ठीक आहे.”

काकांनी इन्सुलेशन विचारलं नाही, खटका विचारला नाही. नुसते फोनकडे बघत राहिले.

“बाबा?” तिकडून तिचा आवाज बदलला. “बाबा, तुमच्याकडे लाइट नाहीये का? पंखा ऐकू येत नाही.”

“आहे,” काका म्हणाले. “लाइट आहे गो. थांब.”

ते फोन धरूनच खोलीत गेले. आम्ही दाराशी उभे राहिलो. लाल पट्टीचं बटण त्यांना पहिल्यांदा सापडलं नाही. मग सापडलं. पंखा आधी कुरकुरला, मग भिंतीकडे तोंड करून फिरायला लागला, आणि काकांनी आईचा तडकलेला फोन त्याच्याजवळ नेऊन धरला.

“आता?”

“हां,” मुक्ताताई म्हणाली. “आता येतोय.”